संगणकावर व्हायरसची सूचना आली तर काय करावे?



मागच्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. "सर, कॉम्प्युटरवर लाल सूचना आली, मोठ्यानं आवाज व्हायला लागला. खाली फोन नंबर होता. पोरीनं घाबरून फोन लावला आणि तो माणूस सांगेल तसं एक ॲप टाकलं. आम्ही रागावू म्हणून दोन दिवस बोललीच नाही." त्याच कॉम्प्युटरवरून ते बँकेचे व्यवहार करतात. म्हणून आज हा विषय घेतो.

सूचना खरी की खोटी?

वेबसाइट उघडल्यावर अचानक स्क्रीन भरून येणारी, आवाज करणारी आणि फोन नंबर देणारी सूचना खोटी असते. वेबसाइटला तुमच्या कॉम्प्युटरमधल्या फायली तपासता येत नाहीत, मग तिला व्हायरस दिसणार कुठून? मायक्रोसॉफ्टनेही स्पष्ट सांगितलं आहे की त्यांच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो.

पण प्रत्येक सूचना खोटी समजून सोडून देऊ नका. 'डीएनएस चेंजर' नावाच्या व्हायरसने जगभरात सुमारे ४० लाख संगणक बाधित केले होते. आपण टाईप केलेला वेबसाइटचा पत्ता शोधून देणारी जी यंत्रणा असते, तीच तो बदलायचा आणि माणसाला भलत्याच साइटवर न्यायचा. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ही टोळी पकडली आणि चोरांच्या सर्व्हरच्या जागी तात्पुरते सर्व्हर चालू ठेवले. ते ९ जुलै २०१२ ला बंद होणार होते, म्हणून त्याआधी लोकांना "आपला संगणक तपासा" असं सांगितलं गेलं. कित्येकांना आपला संगणक बाधित आहे याचा पत्ताच नव्हता. यातून एक शिकायचं: कॉम्प्युटर नीट चालतोय म्हणजे तो स्वच्छ आहेच असं नाही.

आपल्याकडेही भारत सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून काम करतं. बाधित संगणक असलेल्या ग्राहकांना इंटरनेट कंपनीमार्फत कळवलं जातं, आणि केंद्राच्या साइटवर व्हायरस काढण्याची साधनं मोफत मिळतात. पण असा मेसेज आला तरी त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. साइटचा पत्ता स्वतः टाईप करा.

थोडक्यात नियम एकच: सूचना खरी असो वा खोटी, तिनं दाखवलेल्या रस्त्यानं जायचं नाही. तपासणी आपण आपल्या रस्त्यानं करायची.

तपासणी कशी करायची? (विंडोजसाठी)

१. सूचनेवर कुठेही क्लिक करू नका, तिच्यावरचं 'बंद करा' बटणसुद्धा नाही. ऑल्ट आणि एफ-४ दाबून ब्राउझर बंद करा. नाहीच झाला तर पॉवरचं बटण दाबून धरा. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर जुनी पानं उघडू का विचारेल, नको म्हणा.

२. कोणाच्या सांगण्यावरून ॲप टाकलं असेल तर सगळ्यात आधी इंटरनेट बंद करा. मग सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत जाऊन ते काढून टाका. यादी तारखेप्रमाणे लावली की नवीन काय आलं ते लगेच दिसतं.

३. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये आधी अपडेट करा. त्यासाठी इंटरनेट लागेल, तेवढ्यापुरतं सुरू करा. मग 'स्कॅन ऑप्शन्स' मधून 'फुल स्कॅन' लावा. त्याला वेळ लागतो, रात्री लावून ठेवला तरी चालेल.

४. तरीही शंका वाटली तर तिथलाच 'ऑफलाइन स्कॅन' करा. उघडलेलं काम सेव्ह करून ठेवा, कारण कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेला व्हायरसही सापडू शकतो. साधारण १५ मिनिटं लागतात.

५. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन काढा. नोटिफिकेशनची परवानगी कोणकोणत्या साइटला दिली आहे तेही पाहा. कोपऱ्यात सारख्या येणाऱ्या "व्हायरस सापडला" या सूचना बहुतेक वेळा तिथूनच येतात.

६. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, स्वच्छ मोबाईलवरून. बाधित कॉम्प्युटरवर बदललेला पासवर्ड चोराच्याच हातात जायचा. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला फोन करा. इथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

शिक्षकांसाठी एक सूचना: रिझल्टचा पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून आणला की उघडण्याआधी त्यावर राईट क्लिक करून स्कॅन करा. आणि वर्गात फळ्यावर एक खोटी सूचना काढून मुलांना विचारा, "यात संशय यावा असं काय काय आहे?" मुलं पटापट सांगतात.

त्या मुलीच्या घरी सुदैवानं पैसे गेले नाहीत. पण ते दोन दिवस गप्प राहणं महागात पडलं असतं. म्हणून मुलांना आजच सांगून ठेवा: "असं काही आलं तर आधी आम्हाला हाक मार. आम्ही रागावणार नाही." आणि खरंच रागावू नका.