हसणारेही भागीदार

लग्नाचे किंवा प्रेमाचे आमिष दाखवून एखाद्या सुशिक्षित व्यक्तीला लाखो रुपयांना लुबाडल्याची बातमी आपल्या शहरांना आता नवी राहिलेली नाही. अशी बातमी वाचण्याचा एक विधीच होऊन बसला आहे. लोकलच्या डब्यात किंवा कचेरीतील चहाच्या वेळी ती वाचली जाते. फसलेल्या व्यक्तीचे वय आणि शिक्षण मोठ्याने उच्चारले जाते. आणि ‘एवढी शिकलेली बाई, हिला कळू नये?’ किंवा ‘साठीला आल्यावर यांना हे कसले डोहाळे?’ अशा एखाद्या वाक्याने प्रकरण निकालात निघते. ज्याने लुबाडले त्याच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. आज आम्हांला लिहावयाचे आहे ते या हसण्याविषयी. कारण प्रेमाच्या नावावर चालणारा हा धंदा ज्या भांडवलावर उभा आहे त्यात या हसण्याचा वाटा फार मोठा आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम या धंद्याची रीत पाहू. विवाह जुळविणाऱ्या संकेतस्थळावर किंवा समाजमाध्यमावर एक ओळख होते. हे गृहस्थ लंडनमध्ये डॉक्टर असतात, भरसमुद्रातील तेलविहिरीवर अभियंता असतात किंवा परदेशी सैन्यात अधिकारी असतात. म्हणजे व्यवसाय असा की प्रत्यक्ष भेट लांबणीवर टाकावयास सबब आयतीच मिळावी. छायाचित्र भलत्याच कोणाचे तरी चोरलेले असते. कित्येक आठवडे पैशाचा विषयही निघत नाही. सकाळी विचारपूस, रात्री विचारपूस. जेवण झाले का, औषध घेतले का. ज्या माणसाला वर्षानुवर्षे हे कोणी विचारलेले नाही, त्याच्या मनात या प्रश्नांनी काय होत असेल याची कल्पना भरल्या घरात राहणाऱ्यांना सहसा यावयाची नाही.

मग एक दिवस कळते की भेटवस्तूंचे पार्सल निघाले आहे: दागिने, महागडा फोन, थोडे पौंड. पाठोपाठ ‘विमानतळावरील कस्टम्स’मधून दूरध्वनी येतो. पार्सल अडकले आहे, इतके शुल्क भरा. ते भरले की दंड, दंड भरला की दाखल्याची फी, फी भरली की आयकर. नाही म्हटल्यास अटकेची भीती. पैसे जातात ते खासगी व्यक्तींच्या, बहुधा भाड्याने मिळविलेल्या बँकखात्यांत. वस्तुतः सीमाशुल्क खाते कोणाच्या खासगी खात्यात पैसे भरावयास कधीही सांगत नाही, आणि ८ नोव्हेंबर २०१९ पासून अप्रत्यक्ष कर मंडळाच्या पत्रव्यवहारावर पडताळून पाहता येणारा क्रमांक असतो. परंतु घाबरलेल्या आणि गुंतलेल्या माणसाला हे त्या घटकेला कोण सांगणार? या रीतीचा दुसरा अवतार अधिक सफाईदार आहे. त्यात मागणी नसते, सल्ला असतो. आपल्या भावी संसारासाठी म्हणून एका ॲपवर गुंतवणूक करावयास सुचविले जाते; पडद्यावर नफा फुगत जातो; विश्वास बसावा म्हणून प्रारंभी थोडी रक्कम परतही मिळते. मोठी रक्कम काढावयास गेले म्हणजे दार बंद झालेले असते.

ही विद्या आजची नव्हे. फ्रान्समधील विदोक या चोराचा पोलीस झालेल्या गृहस्थाने १८२८ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या आठवणींत ‘जेरुसलेमची पत्रे’ वर्णिली आहेत. तुरुंगातील कैदी सधन माणसांना पत्रे लिहीत, कोठेतरी लपविलेल्या संपत्तीची हकीकत सांगत आणि ती सोडविण्यासाठी थोडे पैसे मागत. पुढे हाच प्रकार ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने युरोप-अमेरिकेत पसरला. पत्राला पोचावयास तेव्हा आठवडे लागत. आज निमिषही लागत नाही, आणि एकच मनुष्य एकाच वेळी अनेकांचा प्रियकर होऊ शकतो.

हे सारे भोळ्याभाबड्यांनाच होते अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी पुढील आकडे पाहावेत. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाकडे २०२२ या एकाच वर्षी सुमारे ७० हजार लोकांनी अशा फसवणुकीच्या तक्रारी केल्या. त्यांत बुडालेली रक्कम १३० कोटी डॉलर होती. ज्यांनी तक्रार केली नाही ते यात आलेच नाहीत. फ्रान्समध्ये एका स्त्रीला ब्रॅड पिट या नटाच्या नावाने व कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेल्या छायाचित्रांच्या आधारे ८ लाख ३० हजार युरोंना लुबाडले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दूरचित्रवाणीवर ही हकीकत आली तेव्हा त्या स्त्रीची एवढी टवाळी झाली की वाहिनीला तो कार्यक्रम मागे घ्यावा लागला. हाँगकाँगच्या पोलिसांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये २७ जणांची एक टोळी पकडली. तिने बनावट चेहरे वापरून सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलर उकळले होते, आणि तिच्या सावजांत भारतीयही होते. ‘व्हिडिओ कॉलवर पाहिले आहे ना!’ हा विश्वासाचा शेवटचा आधारही आता डळमळीत झाला आहे.

तेव्हा फसणाऱ्याच्या ठायी बुद्धी नसते असे म्हणता येत नाही. त्याच्या ठायी एक इच्छा असते, आणि ती इच्छा पूर्णतः न्याय्य आहे. पतिनिधनानंतर उरलेली वीस-पंचवीस वर्षे कोणाशी तरी बोलत काढावीत असे एखाद्या स्त्रीला वाटले, मुले परदेशी गेल्यावर एखाद्या निवृत्त गृहस्थाला सोबत हवीशी वाटली, चाळिशीपर्यंत घरच्यांचा भार वाहणाऱ्या मुलीला आता स्वतःचे घर हवे असे वाटले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? विधवाविवाहाचा कायदा या देशात १८५६ साली झाला. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या लोकांनी त्यांना बहिष्कृत केले. त्या कर्व्यांचे पुतळे आपण उभारले. पण आपल्याच इमारतीतील पन्नाशीच्या विधवेने विवाहमंडळात नाव घातले असे कळले तर जिन्यात कुजबुज होते. उघड मार्गावर कुजबुज असली की माणसे चोरवाट धरतात, आणि चोरवाटेवर चोर उभेच असतात.

पूर्वी स्थळ आले म्हणजे चौकशी होत असे. मामा, आत्या, कचेरीतील कोणी ओळखीचा अशा चार तोंडांनी ती चालत असे. त्या चौकशीत जाच पुष्कळ होता; तिच्यापायी अनेकींची मने मोडली. परंतु तोतया वर तिच्यातून सहसा सुटत नसे. वयाने वाढलेल्या माणसाने स्वतः जोडीदार शोधावयाचे ठरविले की त्याची थट्टा करावयास आपण पुढे होतो. त्याच्यासाठी चौकशी करावयास मात्र कोणी पुढे येत नाही. ठकाला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच ‘आपले हे सध्या कोणाला सांगू नकोस, लोक समजून घेणार नाहीत’ हे त्याचे ठराविक वाक्य असते. दुर्दैवाने लोकांविषयीचा त्याचा अंदाज खरा असतो.

याचा परिणाम केवळ भावनिक नाही; तो रुपयांत मोजता येतो. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळविल्यास पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जात असतानाच मध्ये अडविता येतात. पहिले काही तास यासाठी फार मोलाचे असतात. नेमके तेच तास फसलेली व्यक्ती ‘घरच्यांना काय सांगू’ या विचारात घालविते. तासांचे दिवस होतात, दिवसांचे महिने. कर्ज काढून पुढचे हप्ते भरले जातात, कारण थांबणे म्हणजे फसल्याचे कबूल करणे. मग ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा दुसरा ठक येतो आणि उरलेसुरलेही नेतो.

पलीकडच्या बाजूला कोण आहे हेही पाहिले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केले की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार व कंबोडियात सुमारे १ लाख लोक अशा ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जबरीने जुंपलेले असावेत. नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेले हे तरुण. पासपोर्ट काढून घेतलेले, मारहाणीच्या धाकाखाली प्रेमाचे संदेश लिहिणारे. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी म्यानमार-थायलंड सीमेवरून ५४९ भारतीयांना परत आणले. विदोकच्या काळी कैदी स्वतःसाठी पत्रे लिहीत; आज ती दुसऱ्यासाठी लिहविली जातात. एकटेपणाने एक माणूस अडकला, बेकारीने दुसरा. आणि दोघांच्या मध्ये पैसे मोजणारा तिसराच आहे.

उपाय कोणते? कायदा नाही असे नव्हे. भारतीय न्याय संहितेची ३१८ व ३१९ ही कलमे आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली तोतयेगिरीस तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. विवाहविषयक संकेतस्थळांनी सभासदाची ओळख कागदपत्रांनी पडताळावी असे केंद्र सरकारने जून २०१६ मध्येच सांगितले. त्या सूचनेला आता दंडाची धार हवी. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीची भरपाई ८५ हजार पौंडांपर्यंत बँकांनी करावयाची आहे, आणि तिचा भार पैसे पाठविणाऱ्या व घेणाऱ्या बँकांनी निम्मा निम्मा उचलावयाचा आहे. भाड्याची खाती बँकांच्याच नजरेखाली उघडली जातात. तेव्हा हे तत्त्व आपल्याकडेही विचारात घ्यावयास हवे. पोलीस ठाण्यात तक्रार घेणाऱ्याने ओठांवरचे हसू आवरावे, एवढी अपेक्षा तर विनाखर्च पुरी होण्यासारखी आहे.

परंतु सर्वांत जवळचा उपाय घरातच आहे. आपल्या आईला, काकांना, थोरल्या बहिणीला कोणाची तरी सोबत हवी असेल, तर ती त्यांनी आपल्यापाशी मोकळेपणाने बोलावी आणि आपण त्यांच्यासाठी चौकशीस निघावे. मुलीच्या लग्नासाठी निघतो तितक्याच आस्थेने. आणि घात झालाच, तर पहिला प्रश्न ‘असे कसे केलेस?’ हा नसावा. ‘बँकेला कळविले का?’ हा असावा. ज्या घरात हा दुसरा प्रश्न आधी विचारला जाईल, त्या घरात ठकाचा धंदा फार दिवस चालणार नाही.