बिनपगारी पलटण

‘ग्लोरी’ हा 1989 चा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या, उत्तरेकडून लढलेल्या चौपन्नाव्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचा वॅग्नर किल्ल्यावरचा हल्ला आठवत असेल. तो एका संध्याकाळचा. या पलटणीची दुसरी लढाई दीड वर्ष चालली, आणि ती खुद्द आपल्याच सरकारशी होती. कारण पगाराचं.

अध्यक्ष लिंकन यांच्या 1 जानेवारी 1863 च्या गुलाममुक्तीच्या घोषणेनंतर मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी काळ्या स्वयंसेवकांची पलटण उभी करण्याची परवानगी लगोलग मिळवली. (या यादवीतून झालेल्या गुलाममुक्तीची आठवण ठेवून जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, हे मराठी वाचकाला ठाऊक आहेच.) राज्यात काळी वस्ती थोडी, म्हणून माणसं न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ओहायोपासून आणली. फ्रेडरिक डग्लस यांनी भरतीसाठी सभा गाजवल्या आणि लुईस व चार्ल्स हे आपले दोन मुलगेही पलटणीत धाडले. चित्रपटातले बहुतेक शिपाई पळून आलेले गुलाम आहेत. खरे शिपाई बहुतेक जन्माने स्वतंत्र होते, आणि त्यांतल्या अनेकांना लिहिता-वाचता येत होतं. पगाराच्या भांडणात ही लेखणी फार उपयोगी पडली. अधिकारी मात्र गोरे. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ अवघा पंचवीस वर्षांचा.

28 मे रोजी पलटण बॉस्टनहून निघाली. दोन आठवड्यांत तिच्या वाट्याला आलं ते जॉर्जियातलं डॅरियन हे गाव जाळण्याचं काम. हुकूम दुसऱ्या कर्नलचा होता. शॉला ते सहन झालं नाही, पण गाव जळालं.

18 जुलैला चार्ल्सटनच्या तोंडाशी असलेल्या मॉरिस बेटावर, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला दलदल अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून, ही पलटण वॅग्नर किल्ल्याकडे सर्वांत पुढे धावली. सुमारे 600 जणांपैकी 270 च्या आसपास मेले, जखमी झाले किंवा हरवले. शॉ तटावर पडला. शत्रूने त्याला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं. त्यात त्यांना अपमान वाटत होता, शॉच्या वडिलांनी मात्र देह तिथेच राहू द्या म्हणून कळवलं. झेंडा खाली पडू न देणाऱ्या विल्यम कार्नीला त्याबद्दलचं पदक 1900 साली मिळालं.

भरतीच्या वेळी कबूल केला होता गोऱ्या शिपायाइतकाच पगार, महिना 13 डॉलर. हातात ठेवले जात होते 10, आणि त्यातलेही 3 कपड्यांपायी कापून. आधार होता 1862 च्या एका कायद्याचा, जो छावणीतल्या काळ्या मजुरांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला. पलटणीने पैसे घ्यायचंच नाकारलं. उरलेली रक्कम मॅसॅच्युसेट्स राज्याने देऊ केली, तीही नाकारली; कारण प्रश्न तीन-सहा डॉलरचा नव्हताच. घरून हाल कळवणारी पत्रं येत होती, तरी कोणी हात पुढे केला नाही. कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंगने सप्टेंबर 1863 मध्ये थेट लिंकनला पत्र लिहून विचारलं, की आम्ही शिपाई आहोत की मजूर?

असे बिनपगारी लोक फेब्रुवारी 1864 मध्ये फ्लोरिडातल्या ओलस्टीला लढले. हरलेली फौज माघारी पळत असताना पिछाडी त्यांनी सांभाळली. जखमींच्या गाडीचं इंजिन बंद पडलं, तेव्हा दोर लावून ती रेल्वेगाडी त्यांनी मैलोन्‌मैल हातांनी ओढली.

जूनमध्ये काँग्रेसने समान पगार मान्य केला, पण मागची पूर्ण बाकी फक्त 19 एप्रिल 1861 रोजी स्वतंत्र असलेल्यांना. मग पलटणीतल्या पूर्वीच्या गुलामांचं काय? शॉनंतरचा कर्नल एडवर्ड हॅलोवेल याने स्वतंत्र असल्याच्या शपथेचा मजकूरच असा बेतला, की त्या तारखेला आपल्याकडून फुकट राबवून घेण्याचा हक्क कोणालाही नव्हता, असं शिपायाने सांगायचं. हे तर कोणीही छातीठोकपणे म्हणू शकत होता! सप्टेंबरअखेर पैसे आले. गुडिंगला ते मिळाले नाहीत. ओलस्टीला पकडला गेलेला हा शिपाई जुलैमध्येच अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत मेला होता.

पुढे हनी हिलची लढाई झाली. दक्षिणेचा सेनापती ली शरण आल्यावरही, 18 एप्रिल 1865 रोजी, बॉयकिन्स मिलला गोळीबार झाला. ऑगस्टमध्ये पलटण मोडली. बॉस्टनमध्ये 1897 साली सेंट-गॉडन्स यांचं ब्राँझचं शिल्प उभं राहिलं. घोड्यावर शॉ, शेजारून चालणारे शिपाई. मागच्या बाजूला मृत अधिकाऱ्यांची नावं तेव्हाच कोरली गेली. वॅग्नरला मेलेल्या शिपायांची नावं तिथे आली 1982 मध्ये.