मोझरीत ऑक्टोपस पाळायचा तर…

समजा, तुम्ही गुरुकुंज मोझरीला राहता. घरात काचेची टाकी आहे, तिच्यात दोन-चार गोल्डफिश फिरताहेत. एक दिवस टीव्हीवर ऑक्टोपस पाहून तुम्ही आईला म्हणता, "आई, हा पाळू ना आपण!" आई म्हणते, "नाही." तुम्ही विचारता, "काहून नाही?"

प्रश्न अगदी रास्त आहे. जगात काही हौशी माणसं खरंच घरच्या टाकीत ऑक्टोपस पाळतात. मग मोझरीत का नको? चला, पाळूनच बघू. मनातल्या मनात!

आधी पाणी. तुकडोजी महाराजांच्या आश्रमामुळे मोझरीला गावोगावची माणसं येतात, समुद्र मात्र येणार नाही. मुंबईचा किनारा इथून रस्त्याने ६०० किलोमीटरहून लांब. तेव्हा समुद्र घरातच तयार करावा लागेल. तुमच्यातलं कुणी म्हणेल, खारं पाणी तर आपल्याकडेही आहे, दर्यापूरच्या मामाच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही! खरं आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. पण ते पाणी समुद्राच्या मानाने बरंच कमी खारं, आणि त्यातल्या क्षारांचं प्रमाणही निराळं. मग लोणारचं सरोवर? त्याचं पाणी इतकं अल्कधर्मी आहे, की सामू १० च्या आसपास जातो. समुद्राचा सामू असतो साधारण ८.१. लोणारच्या पाण्यात ऑक्टोपस तग धरणार नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे २०० लिटरच्या टाकीला झाले ७ किलो! तेही स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही विरघळलेलं असतं, म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारं खास मीठ आणावं लागतं. त्यातून आपला वऱ्हाडातला मे महिना! टाकीतलं पाणी भराभर उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं, आणि पाणी रोज थोडं थोडं जास्त खारट होत जातं. म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. शिवाय पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. ऑक्टोपसला तर प्राणवायू भरपूर लागतो. म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र हवं, आणि लाइन गेली तरी ते बंद पडता कामा नये.

एवढ्यावर भागत नाही. ऑक्टोपस खादाड, त्यामुळे घाणही पुष्कळ करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. त्याचं कमी घातक पदार्थांत रूपांतर करणारे जिवाणू टाकीत आधी वाढवावे लागतात. त्याला काही आठवडे जातात. तोवर रिकाम्या टाकीकडे बघत बसायचं!

आता एक नवल ऐका. आपल्या रक्तात लोह असतं, ऑक्टोपसच्या रक्तात असतं तांबं. म्हणून त्याचं रक्त निळं! ते फिरवायला हृदयं तीन: दोन कल्ल्यांसाठी, एक बाकीच्या शरीरासाठी. पण ज्या तांब्यावर त्याचं रक्त चालतं, तेच तांबं पाण्यात उतरलं तर त्याच्या जिवावर बेततं. माशांच्या काही औषधांत तांबं असतं. गोल्डफिशच्या टाकीत घालायचं तसलं औषध चुकून इकडे पडलं, की संपलंच.

समजा, हेही सगळं जमलं. आता झाकण. ऑक्टोपसच्या अंगात हाड नसतं. पोपटासारखी चोच तेवढी कडक, आणि ती ज्या फटीतून जाईल तिच्यातून अख्खा ऑक्टोपस जातो. न्यूझीलंडमध्ये नेपियर गावच्या राष्ट्रीय मत्स्यालयात इंकी नावाचा ऑक्टोपस होता. २०१६ साली एका रात्री त्याच्या टाकीचं झाकण जरासं उघडं राहिलं. इंकी बाहेर आला, फरशीवरून सरपटत गेला आणि सांडपाण्याच्या सुमारे ५० मीटर लांब नळातून थेट समुद्रात पोचला! परत काही आला नाही.

मला मात्र इंकीहून मोठी वाटते ती अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल मत्स्यालयातली हकीकत. तिथल्या संशोधकांनी एक प्रयोग केला आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सारखेच गणवेश घातलेली दोन माणसं टाकीपाशी जायची. एक खाऊ द्यायचा, दुसरा खरखरीत काठीने हळूच टोचायचा. दोन आठवड्यांच्या आत ऑक्टोपस दोघांना ओळखू लागले. खाऊवाला दिसला की जवळ येत, काठीवाला दिसला की दूर सरत. म्हणजे तुम्ही मोझरीत ऑक्टोपस आणलात, तर तो तुम्हाला नक्की ओळखू लागेल.

आणि लगेचच निरोपही घेईल. बरेचसे ऑक्टोपस जेमतेम एक-दोन वर्षं जगतात. मादी अंडी घालते, मग बहुतेक वेळा खाणंपिणं सोडून त्यांच्यावर पाण्याचे झोत सोडत, त्यांना स्वच्छ ठेवत राखण करते. पिल्लं बाहेर पडतात त्या सुमारास ती मरते. टाकीत एकटा ठेवला तरी त्याचं आयुष्य काही वाढत नाही.

बरं, आणलेला ऑक्टोपस नेमका कुठला, हे ओळखणार कसं? जाती सुमारे ३००! रंग बघून सांगाल तर फसाल. त्याच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात. भोवतीचे स्नायू पिशवी ताणतात तेव्हा रंग पसरतो, सैल सोडतात तेव्हा ठिपक्याएवढा होतो. सेकंदाच्या आत तपकिरीचा पांढुरका! गुळगुळीत अंगावर काटेही उभे करता येतात. म्हणून जाणकार बघतात बाहू धडाच्या मानाने किती लांब आहेत, चूषकांच्या म्हणजे चिकटणाऱ्या वाट्यांच्या रांगा एक की दोन, डोळ्यांखाली गोल डाग आहे का. नर ओळखायची खूण तर झकास आहे. बहुतेक जातींत त्याच्या उजव्या बाजूच्या तिसऱ्या बाहूच्या टोकाला चूषक नसतात, आणि तो बाहू तो बऱ्याचदा गुंडाळून ठेवतो. आपल्या भारताच्या समुद्रातही मिळणारा नारळी ऑक्टोपस त्याच्या गडद बाहूंवर उठून दिसणाऱ्या पांढुरक्या चूषकांवरून ओळखू येतो. नारळाच्या करवंट्या घेऊन चालणारा आणि गरज पडली की त्यांत लपणारा तो हाच. इंडोनेशियाच्या समुद्रात त्याला असं करताना पाहिल्याचं शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये जगाला सांगितलं.

तर काहून नाही, याचं उत्तर आता तुम्हीच आईला सांगू शकाल. माझं मत विचाराल तर जो प्राणी माणूस ओळखतो आणि इतकं थोडं जगतो, त्याचे दिवस काचेत घालवू नयेत. त्याला भेटायला आपणच जावं. सुट्टीत कोकणात गेलात तर रत्नागिरीला झाडगावातलं सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघा. मुंबईत असाल तर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ ही मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावरचे जीव दाखवतात, त्यांच्याबरोबर जा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी जास्त खाली उतरते, तेव्हा कॅलेंडर बघूनच दिवस ठरवा. खडकातल्या भोकापाशी खेकड्याच्या कवचांचा ढीग दिसला तर थांबा, आत कुणीतरी राहत असेल. हात मात्र घालू नका. निळ्या कड्यांचा छोटासा ऑक्टोपस फार विषारी असतो आणि त्याच्या विषावर उतारा नाही. लांबूनच बघा, आणि घरी आल्यावर काय पाहिलं ते आम्हाला लिहून कळवा.