ट्रकचे अपघात : दोष एकट्या चालकाचा?

‘चालकाचा ताबा सुटल्याने ट्रक उलटला’ अशी बातमी आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. दोष चालकाचा, असा निकाल मनोमन देऊन पान उलटतो. परंतु ताबा का सुटला, हा प्रश्न तसाच राहतो. कोल्हापूर हे पुणे-बेंगळूर महामार्गावरचे शहर आहे. आपल्या ओळखीतील कितीतरी घरांतील कर्ती माणसे चालक किंवा क्लीनर म्हणून याच रस्त्यावर पोट भरतात. म्हणून या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे वाटते.

पहिले कारण उताराचे. पुण्याजवळ नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एका ट्रकने पुढील अनेक वाहनांना धडका दिल्या. डिझेल वाचविण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी सांगितले. यात मेख अशी की, उतारावर खालच्या गिअरमधील इंजिनच गाडीला धरून ठेवते. शिवाय अवजड वाहनाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात व ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच फिरतो. इंजिन बंद झाले की सगळा भार ब्रेकवर येतो. पेडल दाबावे तशी हवा कमी होते, लायनर तापतात आणि त्यांची पकड ढिली पडते. चार पैशांच्या डिझेलसाठी मोजलेली किंमत किती मोठी!

दुसरे कारण वजन आणि वेग. वजन दुप्पट झाले तर धडकेचा जोर दुप्पट होतो, पण वेग दुप्पट झाला तर तो चौपट होतो. हे गणित विद्यार्थ्यांनी शाळेत शिकलेलेच आहे. माल उंच रचला की वळणावर गाडी कलंडते. खंबाटकी बोगद्यानंतरच्या वळणावर एप्रिल २०१८ मध्ये मजुरांना घेऊन जाणारे मालवाहू वाहन उलटले व १८ जणांचा बळी गेला. मालाच्या हौद्यात बसलेल्या माणसाला सावरण्यास काहीच आधार नसतो. तेथे माणसांनी बसूच नये, हा याचा धडा.

तिसरे कारण झोप. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता आणि तो २०२५ पर्यंत लागू होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असा त्याचा सर्वसाधारण नियम होता. प्रत्यक्षात अनेक चालकांची कमाई खेपेवर ठरते. खेप लवकर झाली तरच पुढचे भाडे मिळते. बँकेत कर्जखात्याचे काम करताना याची दुसरी बाजूही मला दिसते. एकाच ट्रकच्या मालकाला दरमहा हप्ता चुकत नाही. तो चालकाची घाई करतो, व्यापारी मालकाची. या साखळीचे शेवटचे टोक पहाटे तीन वाजता स्टेअरिंगवर बसलेले असते. त्याचा डोळा क्षणभर लागतो आणि बातमीत लिहिले जाते, ‘ताबा सुटला’.

चौथे कारण थांबलेली वाहने. बंद पडलेल्या ट्रकमागे चार दगड मांडतात. ट्रक निघून जातो, दगड तेथेच राहतात! गळीत हंगामात आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात. मागे चमकणारी पट्टी वा दिवा नसेल, तर मागून येणाऱ्या चालकाला त्या अगदी जवळ आल्यावरच दिसतात. काही रुपयांची लाल पट्टी येथे जीव वाचवू शकते.

मग आपण काय करावे? ज्यांच्या घरी चालक आहे, त्यांनी त्याची झोप ही घराची जबाबदारी मानावी. दिवसा त्याला निवांत झोपू द्यावे. दुचाकीस्वारांनी ट्रकच्या अगदी जवळून जाऊ नये, कारण केबिनलगतचा बराच भाग चालकाला दिसत नाही. अपघात दिसल्यास जखमीला दवाखान्यात पोहोचवावे. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनुसार मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही, म्हणून भिऊ नये.

चालक चुकतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या चुकीआधी मालक, व्यापारी, रस्ता बांधणारे आणि आपण सर्व यांच्या लहानलहान चुका घडून गेलेल्या असतात. त्या आधी सुधारल्या, तर चालकाच्या एका डुलकीला एवढी किंमत मोजावी लागणार नाही.