पंचेचाळीस अंशांतला सोडा

जळगाव सोडून भुसावळच्या रस्त्याला लागलं की दहाएक किलोमीटरवर नशिराबाद येतं. एप्रिल-मेमध्ये या पट्ट्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळतो. सोड्याचा धंदा याच दिवसांत सगळ्यात जोरात असतो, आणि सोडा बनवणाऱ्या यंत्राला काम करणं याच दिवसांत सगळ्यात जड जातं. लग्नसराई सुरू, महामार्गावर ट्रक थांबलेले, शेवभाजी चापून आलेलं गिऱ्हाईक समोर उभं, आणि नळाखालच्या ग्लासात निम्मा फेसच. तो फेस बसला की खाली उरतं गोड, मिळमिळीत पाणी.

बाजारात ‘सोडा मशीन’ म्हणून जे स्टीलचं चकचकीत कपाट मिळतं, त्याच्या आतला संसार छोटा असतो. पाणी गार करणारा चिलर, ते दाबानं ढकलणारा पंप, पाणी आणि वायू एकमेकांत मिसळतात ती पोलादी टाकी म्हणजे कार्बोनेटर, आणि बाहेर उभं कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर. त्याच्या मानेवर रेग्युलेटर. बिघाड काहीही असो, तक्रारी दोनच ऐकू येतात: ‘गॅस टिकत नाही’ आणि ‘फेस फार येतो’. दोन्हींवर उपायही एकच केला जातो, रेग्युलेटरचा स्क्रू पिळणं. माझ्या मते त्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावावा. खानदेशात तरी आधी थर्मामीटर शोधावा.

कारण साधं आहे. मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीनं १८०३ मध्ये दाखवून दिलं, की पाण्यात वायू किती विरघळेल हे त्याच्यावरच्या दाबाच्या प्रमाणात ठरतं. पण त्या हिशेबात तापमान लपलेलं असतं. हवेच्या नेहमीच्या दाबाला शून्य अंशाचं एक लिटर पाणी सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड पोटात घेतं. वीस अंशांना हा आकडा ०.९ च्या खाली येतो आणि चाळीस अंशांना जेमतेम ०.५३ उरतो. चांगला झणझणीत सोडा म्हणजे पाण्याच्या चौपट वायू. पाणी चार अंशांचं असेल तर तेवढं मुरायला गेजवर पंचवीसेक पौंड पुरतात. तेच पाणी तीस अंशांचं असेल तर सत्तरच्या पुढे जावं लागतं, आणि चाळीस अंशांना जवळजवळ शंभर.

इथंच बहुतेकांची गल्लत होते. वीज जाते, चिलर मागे पडतो, टाकीतलं पाणी तापतं, सोडा पडेल लागतो. मालक दाब वाढवतो. वाढीव दाबानं कोमट पाण्यात वायू कसाबसा मुरतो खरा, पण नळ उघडताच त्याच्यावरचा सगळा दाब एका क्षणात उतरतो आणि तो वायू ग्लासात न थांबता फसफसून बाहेर पडतो. म्हणजे पडेल सोड्याला दिलेलं औषधच फेसाचा आजार आणतं. मग फेस कमी व्हावा म्हणून नळ अर्धाच उघडला जातो, आणि अरुंद फटीतून पाणी जोरात घुसळून आल्यानं फेस आणखी वाढतो. नळ नेहमी पूर्ण उघडावा. वेग आवरायचं काम नळीच्या लांबीनं करायचं असतं. बारीक आणि पुरेशी लांब नळी असली, तर तिच्यातून येता येता घर्षणानं दाब हळूहळू उतरतो आणि पाणी शांतपणे बाहेर पडतं.

अमेरिकेत घरी बियर बनवणारे हौशी लोकही नेमक्या याच दोन दुखण्यांशी झगडत असतात. ते वापरतात त्या उभ्या, एकोणीस लिटरच्या स्टीलच्या टाक्या मुळात शीतपेयांच्या सिरपसाठी बनल्या होत्या. पेयांच्या कंपन्यांनी पिशव्यांतलं सिरप वापरायला सुरुवात केल्यावर त्या जुन्या बाजारात आल्या आणि बियरवाल्यांनी उचलल्या. ही उधारी दोन्ही बाजूंनी आहे. जोसेफ प्रीस्टलीनं १७६७ मध्ये पाण्यात हा वायू पहिल्यांदा उतरवला तो लीड्समधल्या एका बियर कारखान्यात, आंबणाऱ्या पिंपावर पाण्याचं भांडं धरून.

आपल्याकडे फेसाला आणखी एक कारण आहे, ते त्यांच्याकडे नाही: मसाला. काळं मीठ, जिरेपूड, लिंबाचा गर. बुडबुडा जन्माला यायला कुठंतरी खरखरीत जागा लागते, आणि मिठाच्या कणाइतकी खरखरीत, हवा धरून बसलेली जागा दुसरी नाही. भरलेल्या ग्लासात वरून चिमूट टाकली की अर्धा सोडा टेबलावर. म्हणून मसाला तळाला, त्यात लिंबाच्या रसाचा किंवा सिरपचा थेंब टाकून विरघळवलेला, आणि सोडा ग्लास तिरका धरून कडेनं. ओरखडे पडलेले प्लास्टिकचे ग्लास आणि नळाच्या तोंडाशी सुकून बसलेली साखर हेही तेच काम करतात. रोज रात्री नळ गरम पाण्यानं धुतला तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत, पण हा उपाय फुकटचा असल्यानं त्याला मान नाही.

टाकीत अडकलेली हवा हा त्याहून छुपा चोर. हवा पाण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे पन्नासपट कमी विरघळते. टाकी पहिल्यांदा भरताना आतली हवा सोडून दिली नाही, तर गेज दाब पुरेसा दाखवतो पण त्यातला काही वाटा हवेचा असतो. सोडा पडेल तो पडेलच, वर फेसही उठतो. टाकीवरच्या झडपेची कडी ओढून दोन-तीनदा हवा काढली की काम भागतं.

फेसाइतकी फसवी गळती नसते. जुन्या गोटी सोड्याच्या बाटलीनं तर गळतीलाच कामाला लावलं होतं. इंग्लंडच्या हिरम कॉडनं १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या या बाटलीत बूच नाही. उलटी धरून भरली की काचेची गोटी मानेत येते, आणि आतला वायू बाहेर पडू पाहतो तोच तिला रबरी कड्यावर दाबून धरतो. दाब जितका जास्त, तितकं झाकण घट्ट. मानेला दोन खळगे मुद्दाम पाडलेले, ओतताना गोटी अडून राहावी म्हणून. एवढ्या हुशारीत एकच कच्चा दुवा होता, तो रबराचा. उन्हानं ते कडक झालं की बाटली रात्रीतून मरते. इंपीरियल गॅझेटिअरमध्ये नशिराबादची ओळख काचेच्या बांगड्या बनवणारं गाव अशी आहे. काच ओतणाऱ्या गावाला ही बाटली अनोळखी वाटली नसती. २०२५ मध्ये शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेनं ‘गोली पॉप सोडा’ या नावानं हाच प्रकार आखाती देशांत निघाल्याचं जाहीर केलं, तेव्हा बऱ्याच जणांना ती अजून जिवंत असल्याचं कळलं.

आजच्या यंत्रात मात्र सांधे भरपूर, आणि प्रत्येक सांध्यात एक वायसर. गळती शोधायची ती साबणाच्या पाण्यानं, सिलिंडरपासून सुरुवात करून: सिलिंडर आणि रेग्युलेटरमधलं वायसर, सिलिंडरच्या झडपेच्या दांड्याभोवतीची ग्लँड, नळीच्या क्लिपा, टाकीची सेफ्टी झडप, शेवटी नळांच्या रिंगा. सगळ्यात जास्त वेळा दोषी निघतं ते पहिलंच वायसर, कारण सिलिंडर बदलताना जुनंच परत बसवलं जातं. टेफलॉन टेप गुंडाळून ते दामटणं हा उद्योग करू नये. तो सांधा आट्यांवर नाही, वायसरच्या सपाट तोंडावर बंद होतो.

सिलिंडर बंद करून रात्रभर गेजवर नजर ठेवायची ही परीक्षा चांगली, पण तिच्यात एक फसगत आहे. टाकीत ताजं पाणी असेल तर ते रात्रभर वायू पीत राहतं आणि काटा उतरतो. गळती नसताना सांधे खोलणारे लोक याच काट्याला भुलतात. परीक्षा रिकाम्या टाकीवर घ्यावी, नाहीतर वायू पुरता मुरलेल्या पाण्यावर.

सिलिंडरचा मोठा गेज तर उन्हाळ्यात भलतंच बोलतो. कार्बन डायऑक्साइड आत द्रवरूपात असतो, आणि शेवटचा द्रव संपेपर्यंत दाब कमी होत नाही. त्यामुळे किती माल उरला हे काट्यावरून कळत नाही. सिलिंडर वजन करूनच पाहावं लागतं, रिकामं वजन त्याच्या खांद्यावर कोरलेलं असतं. आणि हा वायू ३१ अंशांच्या वर द्रव म्हणून राहूच शकत नाही. वीस अंशांना ज्या सिलिंडरमध्ये सुमारे ५७ बार दाब असतो, तेच भरलेलं सिलिंडर खानदेशातल्या दुपारी उघड्यावर राहिलं तर शंभराच्या पुढे जाऊ शकतं. झडपेतली सुरक्षेची चकती मग फुटते, आणि फुटावीच. ‘गॅस आपोआप उडाला’ अशी तक्रार त्यानंतर येते. सिलिंडर सावलीत, उभं आणि साखळीनं बांधलेलं असावं. आडवं ठेवलं तर द्रव थेट रेग्युलेटरमध्ये येतो.

भर उन्हात रेग्युलेटरवर बर्फ साचलेला दिसला तर दचकायचं कारण नाही. एकदम पसरणारा वायू उष्णता ओढून घेतो. गिऱ्हाइकांची गर्दी सलग असली की असं होतं. फार बर्फ धरला तर आतला पडदा कडक होतो आणि दाब वरखाली व्हायला लागतो. थोडा वेळ नळ बंद ठेवले की बर्फ वितळतो. त्यावर उकळतं पाणी ओतू नये.

एका बाबतीत मात्र ढिलाई नको. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, त्यामुळे आपण नाकावर विसंबतो. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेच्या दीडपट जड. शटर ओढलेल्या चिंचोळ्या गाळ्यात रात्रभर गळत राहिला तर जमिनीलगत साठतो. हवेत त्याचं प्रमाण तीन-चार टक्क्यांवर गेलं की डोकं दुखतं, धाप लागते. दहा टक्क्यांच्या आसपास माणूस शुद्ध हरपतो. सकाळी दुकान उघडल्यावर दोन मिनिटं बाहेर थांबावं, वारा आत जाऊ द्यावा.

सिलिंडरांचे नियम पाळले जातात की नाही हे पाहणारी केंद्र सरकारची यंत्रणा, पेसो, हिचं मुख्यालय नागपूरला आहे. सिलिंडरची ठरावीक मुदतीनं पाण्याच्या दाबाखाली चाचणी व्हावी लागते, आणि तिची तारीख धातूवर ठोकलेली असते. भरलेलं सिलिंडर उतरवून घेताना सोडावाले त्याचं वजन बघतात, तारखेकडे फारसं कोणी बघत नाही. ती जुनी निघाली तर सिलिंडर आलेल्या गाडीतूनच परत पाठवावं.