सावित्रीवरचं चेतक

३ ऑगस्ट २०१६ ची सकाळ. आदल्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा, १९२८ साली बांधलेला दगडी पूल पुरानं नेला होता. राजापूर–बोरिवली आणि जयगड–मुंबई या दोन एसटी गाड्या आणि एक तवेरा अंधारात थेट नदीत गेल्या होत्या. काठावर जमलेल्या माणसांना गढूळ, उसळत्या पाण्याखेरीज काही दिसत नव्हतं. उजाडलं तसं मुंबईहून तटरक्षक दलाचं एक छोटं हेलिकॉप्टर आलं आणि पात्र धरून बाणकोटच्या खाडीच्या दिशेनं शोध घेऊ लागलं. पुढे काचेचा फुगीर घुमट, वर तीन पाती, खाली तीन चाकं. ते चेतक होतं. नौदलाच्या पाणबुड्यांना घेऊन मोठं सी किंगही आलं.

त्या दिवशी महाडच्या आकाशात जे यंत्र फिरत होतं, त्याचा मूळ आराखडा साठ वर्षांपूर्वीचा, फ्रान्समधला. मूळ नाव अलुएत-३. जगात या जातीची सुमारे दोन हजार हेलिकॉप्टरं बनली. त्यांच्या आयुष्याचे दोन मोठे अध्याय घडले ते एकमेकांपासून फार दूर: एक आफ्रिकेच्या दक्षिण भागात, दुसरा भारतात. आफ्रिकेतल्या अध्यायाचे फोटो आणि आठवणी तिथल्या निवृत्त वैमानिकांनी, संग्रहालयांनी आणि हौशी अभ्यासकांनी नेटानं गोळा केल्या आहेत. कोकणातल्या अध्यायाची जपणूक मात्र अजून व्हायची आहे.

अलुएत-३ नं पहिलं उड्डाण केलं २८ फेब्रुवारी १९५९ रोजी. लगेच पुढच्या वर्षी, १९६० मध्ये, ते हिमालयात आणलं गेलं आणि ६,००४ मीटर उंचीवर उतरून पुन्हा उडालं. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की पात्यांना उचल मिळत नाही आणि इंजिनाचाही दम तुटतो. अलुएतच्या इंजिनाची रचना करताना हाच विचार झाला होता. त्याच्या आर्तूस्त टर्बाइन इंजिनात जेवढी ताकद आहे, त्यातली साधारण दोन तृतीयांशच एरवी वापरायला मिळते. बाकीची राखीव असते, ती उंचावर आणि उकाड्यात कामी येते. शिवाय हे इंजिन एकाच ठरलेल्या गतीनं फिरतं. वैमानिकानं डाव्या हातातला दांडा उचलून पात्यांचा कोन वाढवला की लागणारं जादा इंधन गव्हर्नर आपोआप सोडतो. एका जागी तरंगत राहायचं असतं तेव्हा वैमानिकाची ही एक काळजी मिटते.

हिमालयाची सीमा सांभाळणाऱ्या देशाला असं यंत्र हवंच होतं. १९६२ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टला (पुढची हिंदुस्थान एरोनॉटिक्स) ते बनवण्याचा परवाना मिळाला. भारतात जुळणी झालेलं पहिलं हेलिकॉप्टर ११ जून १९६५ रोजी उडालं. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव त्याला मिळालं आणि पुढे अशी तीनशेहून जास्त चेतक याच कारखान्यातून बाहेर पडली. एक वैमानिक आणि सहा जण एवढी त्यात जागा. उड्डाणाचं कमाल वजन २,२०० किलो.

त्याच १९६२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलानं आणि र्‍होडेशियानंही अलुएत-३ घेतलं. पोर्तुगालनं ते अंगोला आणि मोझांबिकच्या वसाहतींत आणलं. तिथे त्याला मिळालेलं काम मात्र वेगळं होतं. डाव्या दारातून आडवी रोखलेली २० मिलिमीटरची तोफ बसवून र्‍होडेशियाच्या हवाई दलानं त्याची ‘के-कार’ केली. हे हेलिकॉप्टर वर घिरट्या घालत गोळ्या झाडी आणि चार-चार सैनिक घेतलेली ‘जी-कार’ हेलिकॉप्टरं खाली त्यांना उतरवून वेढा घालत. १९७४ पासून ‘फायरफोर्स’ नावानं ही पद्धत रूढ झाली. आज जे फोटो जगभर फिरतात ते बहुतेक याच काळातले आहेत: धुळीच्या लोटातून वर उठणारं हेलिकॉप्टर, दारात पाय सोडून बसलेले तरुण सैनिक, झुडपांच्या माळावर रांगेत उभी राहिलेली यंत्रं.

हे फोटो हेलिकॉप्टरमध्ये बसणाऱ्यांच्या बाजूनं काढलेले आहेत. खालच्या गावांनी काय पाहिलं हे सांगणारे कॅमेरे तिथे फारसे नव्हते. १६ डिसेंबर १९७२ रोजी मोझांबिकच्या तेते प्रांतात पोर्तुगीज कमांडो हेलिकॉप्टरांतून उतरले आणि विरियामू व आसपासच्या वस्त्यांमध्ये त्यांनी शेकडो गावकऱ्यांची कत्तल केली. ती जगापुढे आली मिशनरी धर्मगुरूंनी गोळा केलेल्या साक्षींमुळे, पुढच्या वर्षी. एका यंत्राच्या आठवणी कोण जपतं यावर इतिहासाची कोणती बाजू उरते हे किती अवलंबून असतं, ते या एका घटनेतून दिसतं.

भारतात चेतकनं युद्ध पाहिलं नाही असं नाही. बांगलादेश मुक्तियुद्धात, १९७१ च्या सप्टेंबरमध्ये दिमापूरला उभ्या राहिलेल्या ‘किलो फ्लाइट’ या बांगलादेशी हवाई तुकडीकडे एक डाकोटा आणि एक ऑटर ही विमानं आणि रॉकेटं बसवलेलं एक अलुएत होतं. ३ डिसेंबरच्या रात्री या हेलिकॉप्टरनं नारायणगंजजवळच्या इंधनाच्या टाक्यांवर हल्ला केला. पण भारतीय नौदलात चेतकची मुख्य ओळख ठरली ती बचावाची. १५ मार्च १९६९ रोजी नौदलाच्या ३२१ व्या स्क्वाड्रनची स्थापना झाली. तिचं टोपणनावच ‘एंजल्स’. विमानवाहू ‘विक्रांत’वरून विमानं उडत किंवा उतरत, तेव्हा हे हेलिकॉप्टर जहाजाच्या बाजूला हवेत हजर असे. एखादं विमान समुद्रात पडलंच तर वैमानिकाला काही मिनिटांत वर ओढून घ्यायचं, हे त्याचं काम. तटरक्षक दलाची पहिली हवाई तुकडी १९८२ मध्ये गोव्यात सुरू झाली, तीही चेतकवरच.

माणूस वर कसा घेतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. दाराच्या वर विंच असते, साधारण १७५ किलो उचलणारी. वैमानिकाला आपल्या बरोबर खाली काय आहे ते दिसत नाही. दारात पट्ट्यानं बांधून घेतलेला विंच चालवणारा सहकारी त्याचे डोळे होतो. पुढे, आणखी पुढे, उजवीकडे थोडं, थांबा, असं तो इंटरकॉमवर अखंड बोलत राहतो आणि वैमानिक दूरच्या एखाद्या झाडावर किंवा छपरावर नजर बांधून हेलिकॉप्टर जागच्या जागी धरून ठेवतो. फिरत्या पात्यांमुळे यंत्रावर स्थिर वीज साठते, म्हणून खाली सोडलेला आकडा आधी पाण्याला किंवा जमिनीला टेकू देतात. त्याआधी कुणी धरला तर चांगलाच झटका बसतो. मग बगलेखालून पट्टा जातो, हात वर होतो आणि तार गुंडाळू लागते.

पात्यांखालचा वारा हा या कामातला मोठा अडथळा. कौलं उडतात, पत्रे फडफडतात, पाण्यात अडकलेल्या माणसाच्या तोंडावर तुषारांचा मारा होतो. महाड तालुक्याला या वाऱ्याचं गांभीर्य वेगळ्या कारणानं माहीत आहे. रायगडावर हेलिकॉप्टर उतरवलं तर धूळ-पाचोळा उडून शिवछत्रपतींच्या पुतळ्यावर जातो, म्हणून शिवप्रेमींनी त्याला कायम विरोध केला. डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद गडावर आले, ते या भावनेचा मान राखून रोपवेनं. सी किंगचं वजन चेतकच्या चौपटीहून अधिक, त्यामुळे त्याचा वाराही तेवढाच दांडगा. अरुंद जागी, घरांच्या दाटीत हलक्या चेतकला सरशी मिळते ती इथे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. चेतकला एकच इंजिन. हवामान दाखवणारं रडार नाही, स्वयंचलित उड्डाणयंत्रणा नाही. वैमानिकाला उघड्या डोळ्यांनी वाट काढावी लागते. कुलाब्याहून महाड सरळ रेषेत साधारण ११० किलोमीटर. स्वच्छ हवेत चाळीस मिनिटांच्या आतलं अंतर. पण श्रावणात पोलादपूरजवळच्या आंबेनळी घाटाच्या तोंडाशी ढग दरीत उतरलेले असतात आणि वीजवाहक तारा दोन डोंगरांमधून आडव्या गेलेल्या असतात. अशा वेळी चाळीस मिनिटांना काही अर्थ उरत नाही.

२२ जुलै २०२१ ला महाडवर अशीच वेळ आली. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. सावित्री तिथेच उगम पावते आणि पोलादपूरवरून महाडला येते; त्यामुळे वरचं सगळं पाणी काही तासांत खाली आलं आणि महाडची बाजारपेठ बुडाली. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडींनी बळी घेतले. रस्ते पाण्याखाली होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या आयएनएस शिक्रा या नौदलाच्या हवाई तळावरून नौदलाचं सी किंग ४२सी पोलादपूरच्या बाजूला अडकलेल्या लोकांसाठी निघालं, पाठोपाठ एएलएच हे नवं हलकं हेलिकॉप्टर. पाच वर्षांपूर्वी चेतकनं धुंडाळलेलं खोरं या वेळी त्याच्यापेक्षा मोठ्या आणि नव्या यंत्रांच्या वाट्याला आलं होतं.

चेतक थकत चाललं होतं, तरी त्याचा पल्ला संपला नव्हता. १४ मार्च २०१९ च्या रात्री ‘इडाई’ चक्रीवादळ मोझांबिकच्या बैरा बंदराजवळ धडकलं आणि मैलोगणती प्रदेश पाण्याखाली गेला. भारतीय नौदलाच्या प्रशिक्षण ताफ्यातली सुजाता, शार्दुल आणि तटरक्षक दलाचं सारथी ही जहाजं त्या समुद्रात होती; ती बैराकडे वळली. त्यांच्यासोबतच्या चेतकनं पुरात अडकलेल्यांना बाहेर काढलं, अन्नाची आणि पाण्याची पाकिटं टाकली. भारतीय पथकांनी वाचवलेल्या माणसांचा आकडा १९२ पर्यंत गेला. ज्या देशातल्या वयस्क माणसांनी तरुणपणी या हेलिकॉप्टरचा आवाज ऐकून रानात पळ काढला असेल, त्याच देशात तीच तीन पाती या वेळी भाकरी घेऊन आली. युद्धातल्या फोटोंच्या शेजारी हे फोटो ठेवले तरच या यंत्राची गोष्ट पुरी होते.

दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलानं ३० जून २००६ रोजी, ४४ वर्षांच्या सेवेनंतर, अलुएत-३ ला निरोप दिला. पोर्तुगालनं २०२० मध्ये. प्रिटोरियाजवळच्या स्वार्टकॉप तळावर हवाई दलाचं संग्रहालय आहे आणि तिथे अलुएत नुसतं मांडून ठेवलेलं नाही, उडतं राखलेलं आहे. झिंबाब्वेत, म्हणजे पूर्वीच्या र्‍होडेशियात, ग्वेरूच्या लष्करी संग्रहालयात जुनी विमानं जपली आहेत. भारतात २ एप्रिल २०२२ रोजी हकीमपेटला चेतकच्या सेवेची साठ वर्षं साजरी झाली. सहा दशकं जुन्या आराखड्यावर जवानांचे जीव किती दिवस सोपवायचे, हा प्रश्न सैनिकांच्या कुटुंबांनी त्याआधीच उघडपणे विचारला होता आणि तो रास्त होता. जागा घेणारी नवी हलकी हेलिकॉप्टरं यायला फार उशीर झाला आहे.

प्रत्यक्ष चेतक बघायचं तर महाडकरांना गोव्याला जाता येतं. दाबोळीजवळच्या बोगमाळो रस्त्यावर १९९८ मध्ये सुरू झालेल्या नौदल विमान संग्रहालयात ते उभं आहे. भोवती सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, सी किंग आणि सुपर कॉन्स्टेलेशन. मुलं त्याच्या काचेच्या घुमटापुढे फोटो काढून घेतात. सावित्री-काठच्या माणसांच्या आठवणी तिथे पोचल्या, तर कोकणातून जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या यंत्राशी आपलं नातं कळेल.

आणि तशा आठवणी महाड-पोलादपुरात भरपूर आहेत. फौजी आंबवड्यासारखं, घराघरांतून सैन्यात माणसं धाडणारं गाव याच तालुक्यात आहे. अशा गावांना वर्दी, पदकं आणि फोटो जपण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. २०१६ आणि २०२१ चे फोटो मात्र भिंतीवर गेले नाहीत, ते मोबाइलमध्ये अडकून पडले आहेत. मोबाइल बदलला की तेही जातील. दुसरीकडे प्रत्येक वैमानिकाच्या लॉगबुकात प्रत्येक उड्डाणाची तारीख, हेलिकॉप्टरचा क्रमांक, कामाचं स्वरूप आणि हवेतला वेळ लिहिलेला असतो. महाडातलं एखादं कॉलेज किंवा ग्रंथालय हे फोटो तारीख, जागा आणि काढणाऱ्याच्या नावासह गोळा करू शकेल, काठावरच्या माणसांच्या साक्षी नोंदवू शकेल आणि नौदलाकडे व तटरक्षक दलाकडे त्या दिवसांच्या उड्डाणांचा तपशील मागू शकेल. सुरुवात ३ ऑगस्ट २०१६ पासून करावी. त्या सकाळी नदीकाठी उभी असलेली बरीच माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांना सगळं लख्ख आठवतं.