हातातली कामे आणि तिकिटाची रांग

समजा, मुलुंडच्या एका शाळेतील विज्ञानशिक्षकांनी जूनमध्ये वर्गशिक्षकाच्या कामाखेरीज विज्ञान प्रदर्शन, सहल आणि शिष्यवृत्तीचे जादा तास यांनाही 'हो' म्हटले. आठवड्याच्या हिशेबात प्रत्येक काम बसत होते. तरीही ऑगस्टपर्यंत सगळीच कामे मागे पडली. याला आळस कारण नाही. उत्तर रांगांच्या गणितात आहे.

घाटकोपर स्थानकावरची तिकीट खिडकी आठवा. प्रवासी ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी एकदम दहा, कधी कोणीच नाही. एखाद्याला पास काढायचा असतो, एखाद्याजवळ सुटे पैसे नसतात. रिकामा गेलेला मिनिट पुढच्या गर्दीसाठी साठवता येत नाही. म्हणून खिडकीची क्षमता सरासरीने पुरेशी असूनही रांग लागते. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील एर्लांग यांनी १९०९ साली अशा गर्दीचे गणित मांडले. या गणितातील एक साधे सूत्र असे :

काम हातावेगळे होण्यास लागणारा वेळ = प्रत्यक्ष कामाचा वेळ ÷ (१ − भार)

भार म्हणजे उपलब्ध वेळेचा व्यापलेला भाग. एक तासाचे काम ०.५ भार असताना सरासरी २ तासांनी पुरे होते, ०.८ ला ५, ०.९ ला १० आणि ०.९५ ला २० तासांनी. माणूस म्हणजे खिडकी नव्हे, तेव्हा हे आकडे तंतोतंत लागू होणार नाहीत. पण शेवटचे छोटेसे कामच सर्वांत महाग पडते, हे खरे.

शिवाय भाराचा अंदाजही चुकतो. ब्यूलर, ग्रिफिन व रॉस यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी सरासरी सुमारे ३४ दिवस लागतील असे सांगितले होते. लागले सुमारे ५५.

मग कोणते काम घ्यावे? प्रथम न टळणारी कामे वजा करावीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते. मात्र जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांचा अपवाद आहे. नंतर अध्यापन व वह्या. उरलेल्या वेळेचा पाचवा हिस्सा मोकळाच ठेवावा. नव्या कामाचे तास मागील वर्षी प्रत्यक्ष किती लागले त्यावरून धरावेत आणि 'हे जमेल का?' याऐवजी 'यासाठी कोणते काम सोडू?' असे स्वतःला विचारावे. दुसरे कोणी करू शकेल असे काम आधी सोडावे.

कारण रांगेत जो आवाज करतो त्याचे काम आधी होते. प्रदर्शनाची तारीख ठरलेली असते. तपासायची वही तक्रार करीत नाही. पंधरा दिवसांनी ती हाती आली, की आपण तिथे काय विचार केला होता हे मुलाला आठवतही नाही. आपल्या जादा 'हो'ची किंमत तो मोजतो.

करून पाहा : दोन फासे घ्या. पहिल्यावरचा आकडा म्हणजे आलेली कामे, दुसऱ्यावरचा म्हणजे त्या फेरीत करता येणारी कामे. ५० फेऱ्यांत शिल्लक कामे मांडा. शिल्लक शून्याखाली नेऊ नका. मग दुसऱ्या फाशात दर वेळी १ मिळवून पुन्हा खेळा. दोन्ही आलेख फळ्यावर शेजारी काढा. मोकळ्या वेळेचे मोल मुलेच सांगतील.